गल्लीत वाळत घातलेले चेहरे

"श्वास सोडा. रोखून धरलेला श्वास फोटोत दिसते."

कॅमेऱ्यामागून हे वाक्य आलं, की समोर बसलेला माणूस हटकून आणखी एक श्वास भरून घ्यायचा. मग काकू पदर कमरेला खोचून पुढे यायच्या, त्याचे खांदे हलकेच खाली दाबायच्या आणि परत कॅमेऱ्याकडे जायच्या. "हसा" असं त्या कोणालाच म्हणत नसत. "हासण्यासारखं काही असलं तं माणूस आपणच हासते," म्हणायच्या.

महाल वस्तीतली आमची गल्ली विणकरांची. घरोघरी हातमाग, जमिनीत खड्डा आणि खड्ड्यात पाय सोडून विणत बसलेला माणूस. गल्लीच्या तोंडाशी काकूंच्या यजमानांचा फोटो स्टुडिओ होता. मी जवळच्या शाळेत मास्तर, त्यामुळे वर्गाच्या फोटोच्या निमित्तानं माझं तिथं जाणं-येणं. यजमान अचानक गेले तेव्हा दुकान आता बंदच होणार, असं सगळ्यांनी धरून ठेवलं. तेरवी झाली आणि काकूंनी दुकान उघडलं.

"फोटो धुवाचं काम तं मीच करत होती," त्या म्हणाल्या. "काढाचं तेवढं शिकाचं राहिलं."

शिकल्या त्या आमच्यावरच. त्या वर्षीच्या फोटोत माझा सगळा वर्ग छान आला आणि मी कडेला अर्धाच आलो. तक्रार केली तर म्हणाल्या, "पोरं तं सारी आली ना मास्तर?"

सत्तर सालानंतरच्या एका पावसाळ्यात मागचा नाला फुगला आणि पाणी घराघरांत शिरलं. ओसरलं तेव्हा मागाचे सगळे खड्डे चिखलानं भरलेले होते आणि त्यात अर्धवट विणलेली लुगडी रुतलेली होती.

अशात कुठल्याशा वर्तमानपत्राचा फोटोग्राफर आला. माझी शेजारीण यशोदाबाई, विणकराची बायको, घमेल्यानं चिखल उपसत होती. तो तिला म्हणाला, "बाई, त्या मागाजवळ बसा. जरा रडल्यासारखं करा." ती बिचारी गोंधळून घमेलं हातात घेऊन तशीच उभी राहिली.

काकू मधे आल्या. "रडाचं झालं तं आमी दार लावून रडू, भाऊ. आता चिखल काढून राहिलो. त्याचा फोटो काढाचा असल तं काढा."

त्याला तो नको होता. तो गेला, तशा काकू दुकानात जाऊन वरच्या फळीवर वाचलेला आपला कॅमेरा घेऊन आल्या आणि चिखलात उभ्या राहून त्यांनी उपसणाऱ्यांचे फोटो काढले. मग कॅमेरा यशोदाबाईच्या गळ्यात अडकवला. "तुहा माग हाये, तूच काढ." यशोदाबाईनं जन्मात कॅमेऱ्याला हात लावला नव्हता. तिनं खड्ड्यात उतरलेल्या नवऱ्याचा फोटो काढला, आणि परत देताना सहज विचारलं, "काकू, तुमचं काय बुडालं?"

काकू आम्हाला दुकानात घेऊन गेल्या. यजमानांनी आयुष्यभर काढलेल्या फोटोंच्या निगेटिव्ह पाण्याखाली गेल्या होत्या. त्या त्यांनी बादल्यांत बुडवून ठेवल्या होत्या. "सुकल्या तं एकमेकीले चिकटतील. स्वच्छ पाण्यानं एकएक धुवा लागते. मी एकटी कुठवर पुरू वं? त्यायचं सारं काम हाये हे."

यशोदाबाईनं लुगड्याला हात पुसले. "ओलं सूत सोडवणाऱ्या बायका आमी. आमाले काहून नाही सांगितलं?"

दुपारपर्यंत गल्लीचं रूप पालटलं. पुरुष विहिरीचं पाणी शेंदून आणत होते. माळ्यावर वाचलेलं सूत या घरापासून त्या घरापर्यंत ताणलं गेलं. काकूंचे चिमटे संपले तसे बायकांनी केसांतले आकडे काढून दिले. "कडेनं धरा. चेहऱ्याले बोट लावू नका," असं सांगत काकू एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरत होत्या. ऊन पडलं. कोणीतरी एक निगेटिव्ह उजेडात धरून ओरडलं, "अरे, हा तं माहा बाप होय!" मग काय, कामं सोडून सगळे माना वर करून आपली माणसं शोधायला लागले. मी आजवर पाहिलेलं सगळ्यात सुंदर प्रदर्शन तेच.

सगळ्या वाचल्या नाहीत. काहींवरचे चेहरे पाण्यात विरघळून गेले होते. त्या काकूंनी स्वतःच्या हातानं बाजूला काढल्या. संध्याकाळी पायरीवर बसून, दार न लावताच, त्या पोटभर रडल्या.

दिवाळीला त्यांनी चिखल उपसतानाचे फोटो मोठे करून गल्लीतच दोरीवर लावले. यशोदाबाईनं काढलेल्या फोटोत तिच्या नवऱ्याचं डोकंच आलं नव्हतं. तो हिरमुसला. "माहं डोकं कुठी गेलं वं?"

"हात आले ना," काकू म्हणाल्या. "माग काय डोक्यानं उभा केला?" आणि तो फोटो सगळ्यांच्या मधोमध राहिला.

पुढं एकेक माग थांबत गेला. कोणी मिलमध्ये लागलं, कोणी रिक्षा धरली. काकूंची नजर अधू झाली आणि रायपूरची लेक त्यांना न्यायला आली. जाण्याआधी त्या घरोघर फिरल्या आणि ज्याच्या निगेटिव्ह त्याला देऊन टाकल्या. मी म्हटलं, "एका जागी जपून ठेवल्या असत्या." तर म्हणाल्या, "एकाच घरी ठेवल्या तं पुन्हा एकदमच बुडतील, मास्तर."

काही वर्षांनी त्यांचे जावई एकदा गल्लीत आले, ते काकू गेल्याचं सांगायलाच. मी यशोदाबाईकडे गेलो. ऐकून ती उठली. मग पेटी उघडून लुगड्याच्या घडीतून तिनं एक निगेटिव्ह काढली आणि खिडकीशी धरली. घमेलं घेऊन उभी असलेली तरणी यशोदाबाई. उलट्या उजेडात तिचे काळेभोर केस पांढरेशुभ्र झाले होते. आता तिचे खरे केसही तसेच होते.

"पाहा मास्तर," ती म्हणाली, "काकूनं माहे केस तवाच पांढरे करून ठेवले होते. अन् चिखल पाहा कसा दिसते, दुधावानी."