डोळ्यांसाठी राखलेलं पाणी

लातूर जिल्हा झाला तेव्हा आधी पाट्या आल्या, मग साहेब आले आणि खुर्च्या सगळ्यात शेवटी. मी नांदेडहून बदली होऊन आले, तेव्हा सुरुवातीचे कितीतरी दिवस तुरटीच्या पोत्यावर बसून टपाल नोंदवलं. कार्यालय भाड्याच्या घरात होतं आणि त्याच्या मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये रसायनांचं गोदाम. गावोगावच्या विहिरींत टाकायची टीसीएल पावडर, तुरटी, आणि पाइपांत धरलेला खार काढायचं तेजाब. तेजाबाच्या काचेच्या मोठाल्या बरण्या बांबूच्या टोपल्यांत पेंढा घालून बसवलेल्या असत. पाऊस त्या साली आलाच नव्हता. लोकांना पाणी पुरवायचं ते आमचं खातं, आणि आमचाच माठ कोरडा. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? टँकर येईल तेव्हा येई, आणि सगळं कार्यालय साहेब आल्यासारखं उठून उभं राही.

गोदाम सांभाळायचे त्यांना आम्ही सगळे मामा म्हणत असू. निलंग्याकडच्या एका खेड्यातले, पन्नाशीच्या आसपासचे, पांढरा सदरा आणि पायजमा. बोलणं मोजकं. मी तोंडाची फटकळ, त्यामुळे आमचं बरं जमायचं. दुपारी डबा खाताना मी साहेबांना नावं ठेवायची आणि मामांनी ‘हाव, हाव’ करत भाकरी मोडायची.

त्या उन्हाळ्यात रसायनं कशी हाताळावीत, कशी साठवावीत, याचं प्रशिक्षण द्यायला पुण्याकडचे एक साहेब आले. त्यांनी फळ्यावर कवटी काढली आणि ‘आम्ल, आम्ल’ म्हणत तासभर बोलले. मागून एक जण हळूच म्हणाला, “आंबील म्हनायलेत का काय?” तेजाब म्हटलं असतं तर सगळ्यांना पहिल्या वाक्यात कळलं असतं. पण साहेबांना तो शब्द ठाऊक नव्हता आणि त्यांना तो सांगायची कुणाची छाती नव्हती. शेवटी त्यांनी सांगितलं, गोदामात पाण्यानं भरलेलं टिपाड कायम हवं. आम्ल डोळ्यात उडालं तर तिथल्या तिथे डोळा धूत राहायचं, भरपूर पाण्यानं, बराच वेळ. त्या पाण्याला इतर कशासाठीही हात लावायचा नाही.

सगळे हसले. प्यायला थेंब नाही आणि डोळे धुवायला टिपाड! साहेब चिडले. मामा मात्र हसले नाहीत. दुसऱ्याच दिवशी त्यांनी एक जुनं टिपाड घासून काढलं, टँकरवाल्याच्या हातापाया पडून भरून घेतलं आणि त्यावर लाल रंगानं मोठ्या अक्षरांत लिहिलं, ‘डोळ्यांसाठी’.

गोदामाच्या भिंतीपलीकडे रस्त्याचं दुष्काळी काम चालू होतं. बाया दिवसभर उन्हात खडी फोडत. एका दुपारी त्यांतली एक पोटुशी बाई फाटकाशी आली आणि रिकामी कळशी पुढे धरून नुसती उभी राहिली. मामांनी टिपाडातून कळशी भरून दिली. दुसऱ्या दिवशी चार जणी आल्या, त्यानंतर तर रांगच लागू लागली. टँकर आला की टिपाड भरायचं आणि पुढचा येईपर्यंत तळ दिसायचा.

“मामा, साहेबांनी काय सांगितलंय?” मी एकदा चिडवलं.

ते टिपाडावर झाकण ठेवता ठेवता थांबले. “आमची माय विहिरीपासून लांब उभी राहायची, बाई. वरून कुनी वतलं तर घागर भरायची, न्हाई तर सांज होस्तोवर तसंच. मी संगं असायचो. आपुन ‘न्हाई’ ऐकत आलेली मान्सं. आपुन कुनाला पान्याला न्हाई म्हनायचं नसतं.”

त्यानंतर मी चिडवलं नाही. उलट मला त्यांचा अभिमानच वाटायचा. त्या टिपाडाशी त्यांचाच डोळा बांधलेला आहे, हे मात्र आम्हा दोघांच्याही ध्यानात आलं नाही.

मग टँकर यायचाच बंद झाला. डिझेल नाही, विहीर आटली, काहीबाही कारणं कानावर येत होती. टिपाडातली शेवटची कळशी सकाळी गेली. दुपारी एका गावचा माणूस तेजाब न्यायला आला. ऊन इतकं, की शेडचा पत्रा तडतडत होता. बरणीचं बूच काढण्याआधी त्यावर ओलं फडकं टाकायचं, हेही प्रशिक्षणात सांगितलं होतं. मामांनी फडकं टाकलं, पण कोरडंच. उन्हानं आत कोंडलेली वाफ बूच सैल होताच उसळली आणि तेजाब त्यांच्या तोंडावर उडालं.

मी ओरडणं ऐकून धावले. मामा टिपाडाशी होते, एक हात डोळ्यावर, आणि दुसऱ्या हातानं आतला तळ खरवडत होते. मी माठ उचलून आणला. त्यात होतं तेवढं त्यांच्या तोंडावर ओतलं आणि ते लगेच संपलं. खडीवरच्या बाया धावत आल्या. एकीनं आपल्या लेकरासाठी राखलेला तांब्या रिकामा केला, पण तांब्यानं काय होणार? दवाखान्यात पोचेपर्यंत उजवा डोळा गेला होता.

चौकशीला आमच्या खात्याचे वरचे साहेब आले. टिपाडातलं पाणी कुठं गेलं, हाच त्यांचा प्रश्न. मामा म्हणाले, “उडालं साहेब. ऊन लई हाय.”

पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा प्रशिक्षण झालं. पुन्हा तेच पुण्याकडचे साहेब. या वेळी त्यांनी मामांना सगळ्यांसमोर उभं केलं आणि म्हणाले, “पाहा, नियम मोडला की काय होतं.” मामा हात बांधून उभे राहिले. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली, पण साहेबांचं म्हणणं खोटं नव्हतं. म्हणून तर जास्त जळफळाट झाला. टिपाडाला आता कुलूप होतं आणि किल्ली मामांच्या कमरेला.

काही दिवसांनी एक बाई फाटकाशी आली. पाऊस त्याही साली ओढ देऊन बसला होता. कडेवर लेकरू, हातात घागर. मी खिडकीत होते. मामा फाटकापर्यंत गेले. त्यांनी एका डोळ्यानं आधी लेकराकडे पाहिलं, मग घागरीकडे.

“न्हाई,” ते म्हणाले.

ती हलेना. त्यांनी पुन्हा एकदा तेच सांगितलं, फाटक लोटून घेतलं आणि तिचे पाय वाजायचे थांबेपर्यंत फाटकाला पाठ लावून उभे राहिले. मग माझ्या खिडकीखालून गोदामाकडे जाताना वर न बघताच म्हणाले, “शिकलो बघा बाई. शेवटी शिकलो.”