बाओयूचं धाकटं

बाओयू आमच्या खालच्या मजल्यावर राहते. वय चौतीस. अमेरिकेत, पिस्कॅटवेत, आमच्या बिल्डिंगपासून सात मिनिटांवर जे चायनीज टेकआउट आहे, तिथल्या काउंटरवर ती सकाळी अकरा ते रात्री दहा उभी असते. सुट्टी मंगळवारी. गिऱ्हाईक ती नावानं ओळखत नाही, पदार्थानं ओळखते. मी त्या स्वयंपाकघरातलं खात नाही, पण माझ्या लेकीला, अनयाला, तिथला फ्राइड राइस लागतो. आमच्याकडे अंडं चालत नाही, म्हणून मी तिच्या लेखी ‘नो एग’. मला पाहिलं की ती आत स्वयंपाक्याला ओरडून काहीतरी सांगायची आणि आत हशा पिकायचा. एकदा मी विचारलंच, काय सांगितलंस? ती म्हणाली, “सांगितलं, नो एग आली. आज कोंबडीला सुट्टी.”

ओळख वाढली ती तळघरातल्या लॉन्ड्रीत. ती मंगळवारी कपडे आणायची, मग मीही मंगळवारच धरला. तिचं इंग्लिश दुकानापुरतं. बाकीचं फोन सांगायचा: ती चिनीत बोलायची, फोन इंग्लिशमध्ये वाचायचा, मी बोलले की उलटं. असं करत करत कपडे सुकेपर्यंत पुष्कळ बोलणं व्हायचं.

चीनच्या आग्नेय किनाऱ्यावर फूचौ म्हणून शहर आहे, त्याच्या जवळच्या खेड्यातली ती. त्या खेड्यात आता म्हातारी माणसं आणि अमेरिकेत जन्मलेली लहान पोरं एवढीच उरलीत, असं ती सांगते. बाविसाव्या वर्षी इकडे आली. कोणत्या वाटेनं, ते तिनं सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. इथे राहू द्या म्हणून केलेला तिचा अर्ज नऊ वर्षं कोर्टात पडून आहे. तो सुटेपर्यंत देश सोडायचा नाही. सोडला तर परत येणं नाही. नवरा आ-मिंग रेस्टॉरंटात स्वयंपाकी, पण लांब. न्यूयॉर्कच्या चायनाटाउनमध्ये नोकरी लावून देणारी दुकानं आहेत म्हणे. तिथल्या चिठ्ठीवर गावाचं नाव नसतं, फोनचा एरिया कोड असतो आणि बसला किती तास लागतात ते. आ-मिंग सध्या नऊ तासांवर आहे. महिन्यातून एकदा दोन दिवस येतो, त्यातला एक झोपेत जातो.

त्यांची मुलगी इथेच जन्मली आणि चार महिन्यांची असताना आजीकडे गेली. यात बाओयूनं जगावेगळं काही केलं नाही, तिच्याकडचे सगळे हेच करतात. गावी निघालेली कुणी ओळखीची बाई बाळ सोबत नेते, आईबाप कामाला लागतात, आणि शाळेचं वय झालं की पोर परत येतं. गेल्या जूनमध्ये ही परत आली. शाळेच्या कागदावर टिफनी, घरात न्यूनू.

पाच वर्षं न्यूनूनं आईला फोनच्या काचेत पाहिलं होतं. आजीनं सांगून पाठवलं होतं, थोडे दिवस पाहुणी जा. इथे आल्यावर ती रोज फोन लावायला लावायची, आणि आजीचा चेहरा दिसला की म्हणायची, “आई.” बाओयू शेजारीच बसलेली असायची. तिला न्यूनू काही म्हणजे काही म्हणत नसे. हवं असलं तर बाही ओढायची. दिवसभर दुकानात काउंटरमागे बसून असायची.

बाओयूला तेव्हा सातवा सरत होता. एका मंगळवारी मी सहज विचारलं, “पाळणा घेतलास का?”

“पाळणा कशाला? तीन महिन्यांचं झालं की जाईल.”

“तुला पाठवायचंय?”

फोननं प्रश्न वाचून दाखवला. ती ड्रायरमधून टॉवेल काढत राहिली. मग मानेनं नाही म्हणाली. न्यूनू घड्या घालायच्या टेबलाखाली भिंतीकडे तोंड करून बसली होती. तिच्याकडे बघत बाओयू बोलली आणि फोन वाचत गेला: “नवरा म्हणतो पाठव. सासू म्हणते पाठव. पाळणाघर सहाला बंद होतं, मी दहाला सुटते. ही माझी झाली नाही. तेही होणार नाही.”

“मी सांभाळेन,” मी म्हणाले.

एवढं तिला फोनशिवाय कळलं. ती टॉवेलसकट खाली बसली. “अकरा ते दहा?”

“मी घरीच असते.”

घरी आल्यावर नवऱ्याला, परीक्षितला, सांगितलं. तो म्हणाला, “माझ्या नोकरीमुळे मिळालेल्या एच-फोर व्हिसावर आहेस, बाईसाहेब, कामाची परवानगी नाही. पैसे घेतलेस तर भानगड होईल.”

“पैसे कोण घेतंय?”

“आणि सोवळं? खाली रोज डुक्कर शिजतं.”

“बाळ काय डुक्कर खातं?”

“बघ बाई. वाती वळायच्या सोडून नॅपी बदलशील.” पण तो हसत होता. संध्याकाळी दिवा लावताना मी देवापुढेही तेच बोलले, बाळ माझ्याकडे राहील. देवाला शब्द देण्याआधी आपण या देशात कुणाच्या नोकरीवर राहतो ते आठवायला हवं होतं.

बाओयू नवऱ्याशी भांडली. आ-मिंग फोनवर ओरडला की शेजारणीच्या शब्दावर पोर ठेवतेस, ती इंडियन उद्या उठून गेली तर? हे तिनंच मला सांगितलं, हसत हसत. पुढच्या मंगळवारी ती पाळणा घेऊन आली.

श्रावणात मुलगा झाला. आन-आन. त्यांच्यातही बाळंतिणीनं महिनाभर गार पाण्याला शिवायचं नाही, वाऱ्याला बसायचं नाही. मी डिंकाचे लाडू करून नेले. तिनं एक फोडला, चावला, म्हणाली, “नो एग, यात दगड आहेत.” तरी दोन खाल्ले. तिचं बाळंतपणाचं जेवण म्हणजे लाल तांदळाच्या दारूत शिजवलेली कोंबडी आणि आलं. तो वास मी श्वास रोखून सोसला. महिना काही तिला मिळाला नाही. एकोणिसाव्या दिवशी मालकाचा फोन आला आणि ती काउंटरवर जाऊन उभी राहिली.

त्या दिवसापासून आन-आन माझ्याकडे. सकाळी तेल लावून आंघोळ, मग धुरी द्यावीशी वाटे पण स्मोक अलार्मच्या धास्तीनं नुसता ओवा भाजून शेकायची. मी पोथी वाचायला बसले की तो मांडीवर झोपे. बाओयू दुकानातून अंगावरचं दूध बाटलीत काढून पाठवायची. साडेतीनला न्यूनूची शाळेची बस यायची. दप्तर टाकून ती थेट बाळाजवळ. त्याच्या कानाशी तिच्या भाषेत तासतास बोलायची. आईशी जितकं कधी बोलली नसेल तितकं. अनया म्हणायची, “शी इज टेलिंग हिम एव्हरीथिंग, आई.” रात्री दहाला बाओयू जिना चढून यायची, हाताला तळणाचा वास. दोन्ही पोरं घेऊन जायची. एकदा न्यूनू झोपेत तिच्या गळ्यात हात टाकून गेली, तर दुसऱ्या दिवशी बाओयूनं ते मला तीनदा सांगितलं.

गणपतीच्या आधीच्या आठवड्यात एका सकाळी परीक्षितचा ऑफिसचा लॅपटॉप बंद झाला, परत सुरूच झाला नाही. तो बाहेर येऊन सोफ्यावर बसला. “लेऑफ,” म्हणाला. मग म्हणाला, “साठ दिवस.” साठ दिवसांत दुसरी नोकरी, नाहीतर सामान बांधून मायदेशी परत.

बाओयूला मी काही सांगितलं नाही. वाटलं, मिळेल इथेच. रोज एकवीस आवर्तनं सुरू केली. परीक्षित बेडरूममध्ये इंटरव्ह्यू द्यायचा आणि मी बाळ रडू नये म्हणून त्याला घेऊन बाथरूममध्ये उभी राहायची. चाळिसाव्या दिवशी नोकरी मिळाली. व्हर्जिनियात, हर्नडनला. आठवड्याचे पाच दिवस ऑफिसला यायलाच हवं अशी अट. इथून चार तास. मी देवापुढे साखर ठेवली. नोकरी मागितली होती, कुठे ते मागायचं सुचलं नव्हतं.

मंगळवारी लॉन्ड्रीत फोनवर टाइप केलं, खोडलं, पुन्हा टाइप केलं. बाओयूनं वाचलं. वर बघून विचारलं, “तिथे चायनीज दुकान आहे?”

“खूप आहेत.”

ती आठ दिवस त्याच विचारात होती. वकिलाला विचारून आली. पत्ता दुसऱ्या राज्यात नेला तर खटला दुसऱ्या कोर्टात जाईल, आणि तारीख कधी मिळेल ते तोही सांगू शकत नाही. नऊ वर्षं रांगेत उभं राहून रांग सोडायची कशी? मी आमच्या मराठी बायकांच्या ग्रुपवर विचारलं, कुणी बाळ सांभाळेल का. सोनलनं लिहिलं, “शोभनाताई, रात्री दहापर्यंत? यार, कोण करणार!” बाकीच्यांनी हात जोडलेले इमोजी पाठवले.

“एक महिना तरी राहा,” बाओयू एकदाच म्हणाली. आमच्या हातात तोही नव्हता. साठ दिवसांच्या आत परीक्षितनं तिथे रुजू व्हायला हवं, नाहीतर आम्हीच बेकायदा; आणि दोन घरांचं भाडं झेपणार नव्हतं.

बाळाच्या पासपोर्टचा फोटो काढायला मीच तिला नेलं. पांढऱ्या कापडावर निजवायचं, डोळे उघडे हवेत. मी घरून पूजेचा धुतलेला पांढरा पंचा नेला होता. आन-आन डोळे उघडेना. बाओयूनं त्याच्या तळपायाला टिचकी मारली, मग दुसरी जोरात मारली, आणि त्यानं डोळे उघडून तिच्याकडे बघितलं. तिनं तोंड फिरवलं. फोटो पास झाला.

न्यायला येणारी बाई लग्नासाठी गावी चालली होती. साठीची, बोलकी, तिच्यासोबत भाचा गाडी घेऊन. शनिवारी सकाळी दहाला पार्किंगमध्ये आली. दुधाच्या पावडरचे डबे, कपडे, दूध कधी किती ते लिहिलेला कागद, सगळं डिकीत गेलं. आ-मिंग फोनवर होता, मागे भांड्यांचा आवाज येत होता. बाळ बाओयूकडे होतं. तिनं ते एकदम माझ्या हातात दिलं आणि माझा फोन घेऊन त्यात चिनीत बोलली. फोन वाचू लागला: “पहिलीला मी माझ्या हातानं दिलं. ती त्या बाईच्या खांद्यावरून माझ्याकडे बघत गेली. म्हणून तिचा राग माझ्यावर आहे. याला तू दे.”

चार महिन्यांच्या पोरीला काय आठवणार, असं मी म्हणाले नाही. मी बाळाला सांभाळेन म्हणाले होते. मी त्याच्या कपाळाला अंगारा लावला, टोपी नीट केली आणि त्याला त्या बाईच्या हातात दिलं. त्याचं डोकं सावरून धरायला सांगितलं, तिला ते येत होतं. तो रडला नाही. बाओयू गाडीच्या मागे, त्याला दिसणार नाही अशी उभी होती.

गाडीचं दार लागलं तशी धावत जाऊन न्यूनूनं दाराला दोन्ही हातांनी धरलं आणि किंचाळायला लागली. तिला सोडवायला दोघी लागलो. गाडी वळून गेली. ती डांबरावर बसून ओरडतच राहिली. मी बाओयूला विचारलं, काय म्हणतेय? बाओयूनं फोन पुढे केला नाही. स्वतःच, तुटक इंग्लिशमध्ये म्हणाली, “म्हणते, तो आईकडे चालला. मला का नाही नेत?”

दहा पंचवीस झाले होते. अकराला दुकान उघडायचं होतं. बाओयूनं न्यूनूला उचलायला हात पुढे केला, तो तिनं झिडकारला. मग बाओयूनं माझ्याकडे बघून, हिला आठवडाभर तरी सांभाळशील का, ते नुसत्या मानेनं विचारलं, आणि मी हो म्हणाले. ती पार्किंग ओलांडून गेली. मी पदराला नाक पुसत पोरीशेजारी डांबरावर बसले. आमचा सामानाचा ट्रक पुढच्या शनिवारी येणार होता.