रिलेच्या डबीतली गाठ

दापोड्याच्या नाक्यावर जळालेला तो टेम्पो मी अजून विसरलेलो नाही. केबिनमधून धूर निघत होता आणि ड्रायव्हर भाजलेले दोन्ही हात बादलीत बुडवून रडत होता. त्याने सकाळीच बसवून घेतलेल्या जादा हॅलोजन बत्त्यांचे बटण दाबताच डॅशबोर्ड पेटला होता.

पंचनामा चालू असतानाच आमच्या पोलीस ठाण्यात निनावी फोन आला. "त्या नव्या मिस्त्रीला धरा. रिले लावला म्हणून सांगतो आन् लावत न्हाय." आम्ही बॉनेटखालची रिलेची डबी उघडली, तर आत खरोखरच रिले नव्हता. गोदामांच्या रस्त्यावर या मिस्त्रीचे वायरिंगचे दुकान अगदी नवे, तरी ट्रक त्याच्याच दारात रांगेने उभे असत. मी त्याला अटक केली.

"साहेब, कसम खाऊन सांगतो, सकाळीच रिले बसवला," तो म्हणत होता. "एवढ्या करंटच्या बत्त्या डायरेक्ट बटणावर कोण देईल? बटणाने फक्त इशारा करायचा. करंट रिले उचलतो, जाड वायरमधून. रिले काढला की सगळा लोड बटणाच्या बारीक वायरवर. ती जळणारच."

मला ते पटत होते, पण हातात दुसरा कोणी नव्हता. दुसऱ्या दिवशी न्यायालयाने दोन दिवसांची पोलीस कोठडी दिली.

आमच्या ठाण्यात खारबावचे एक हवालदार होते. खरे सांगतो, मी त्यांच्यावर जळायचो. अधिकारी मी, पण माणसे खबर द्यायला त्यांच्याकडे जात. त्याच संध्याकाळी मुद्देमालाच्या पिशवीतल्या टेम्पोच्या वायरी बघून ते म्हणाले, "साहेब, हितं टेपवर सूत बांधलंय. ही लूमवाल्याची, कापडाच्या मागावरची गाठ हाय. धागा तुटला की अशीच मारतात. ह्यो मिस्त्री तर प्लास्टिकच्या पट्ट्या वापरतो."

"तपास माझ्याकडे आहे," मी फटकारले. सूत मीही पाहिले होते, पण गाठ त्यांनी ओळखली हे मला झोंबले. नंतरचा अख्खा दिवस मी त्या पिशवीला हात लावला नाही.

कोठडीची मुदत संपायच्या दिवशी सकाळी नाक मुठीत धरून मी त्यांनाच विचारले, "लूम सोडून वायरिंगच्या धंद्यात आलेला कोणी आहे का?"

"मिस्त्रीला काम शिकवणारा उस्तादच की साहेब. मिस्त्रीच्या समोरच दुकान हाय त्याचं."

उस्तादाला बोलावले. चहा दिला, सुताचे दोन तुकडे पुढे ठेवले आणि म्हणालो, "हे जरा जोडून द्या." बोलता बोलता, खाली न बघता त्याच्या बोटांनी गाठ मारली. मी पिशवीतली वायर तिच्याशेजारी ठेवली. त्याने दोन्ही गाठी पाहिल्या आणि कप खाली ठेवला.

"मीच शिकवला त्याला," तो म्हणाला. "ड्रायव्हर सलाम मला करायचं आन् गाडी त्याच्या दारात लावायचं. रोज बघायचो साहेब, जळायचो. टेम्पोवाला जेवाया गेला तवा रिले काढला, वायरी जोडल्या, फ्यूजच्या जागी तांब्याची तार घातली. टेप सुटू नये म्हणून सूत बांधलं, हाताची सवय. फोनबी मीच केला. वायर जळंल, बत्त्या बंद पडतील, त्याचं नाव खराब होईल, एवढंच मनात व्हतं. माणूस भाजंल असं न्हाय वाटलं."

न्यायालयात अहवाल देऊन मिस्त्रीला सोडवले. जाताना त्याने विचारले, "साहेब, आता माझ्या दारात गाडी कोण लावेल?"

बक्षिसाच्या शिफारशीत मी आधी गाठीचा शोध स्वतःच्याच नावावर लिहिला होता. तो कागद फाडून दुसरा लिहिला. हवालदारांचे नाव घालताना जिवावर आले, खोटे कशाला सांगू? उस्तादाला मी मत्सराबद्दल चार शब्द सुनावले होते, पण हिशेब माझाही निघत होता. त्या मिस्त्रीची कोठडीतली पहिली रात्र उस्तादामुळे गेली. पुढच्या दोन माझ्यामुळे.