नाल्यापलीकडची बैठकी

आमच्या टोल्यावरच्या, म्हणजे वस्तीवरच्या, चहाच्या टपरीत एक टीव्ही आहे. गेल्या महिन्यात त्यावर दाखवत होते, की लांब कुठल्या तरी देशातला एक प्रांत आता देशातून फुटून निघायचं म्हणतोय. माणसं झेंडे नाचवत होती, एकमेकांच्या गळ्यात पडत होती. टपरीतल्या आमच्या पुरुषांना तेवढ्यावरच चेव आला. "बरोबर करून राह्यले ते," एक जण म्हणाला. "कमावतात हे अन् खातात राजधानीवाले." सगळ्यांनी माना डोलावल्या. मी दूध घ्यायला गेलेली. तोंडावर आलं होतं, की बाप्पा, त्या लोकांना झेंडे खाली ठेवून आठ दिवस आमच्या टोल्यावर पाठवा, वेगळं झाल्यावर चूल कशी पेटते ते मी दाखवते. पण समोरच्या बाकड्यावर आमचे भासरे बसले होते. म्हणून पदर पुढे ओढला आणि दूध घेऊन घरी आले.

भासरे म्हणजे नवऱ्याचे थोरले भाऊ. आमच्यात धाकट्या भावाच्या बायकोनं भासऱ्यांशी सरळ बोलायची रीत नाही. काही सांगायचं असलं तर तिसऱ्याला सांगायचं आणि ते त्यांनी ऐकायचं. माझा नवरा भरवेलीच्या मँगनीजच्या खाणीत कामाला, महिन्यातून दोनदा घरी येतो. मग तिसरं माणूस आणायचं कुठून? मी शेळीला सांगते. "शेळी, चहा निवून राह्यला म्हणा." भासरेही शेळीलाच उत्तर देतात. हसू नका. लग्न होऊन आले तेव्हापासून आमचं अंगण असंच चाललंय, आणि शेळ्या बदलल्या तरी बोलणं थांबलं नाही.

ह्याच भासऱ्यांनी आमचा टोला वेगळा केला. देशातून नाही हो, तेवढी पोच नव्हती. गावातून.

बालाघाट जिल्ह्यात, लांजीच्या बाजूला नाल्याच्या एका अंगाला मोठं गाव आणि दुसऱ्या अंगाला आमचा टोला, पण पंचायत एकच. आठवड्याचा बाजार मात्र आमच्या बाजूला, मोहाच्या झाडांखाली भरायचा. बाजारात बसणाऱ्यांकडून जागेचे पैसे घेतात, त्याला बैठकी म्हणतात. ती बैठकी पंचायतीत जायची आणि सरपंच नेहमी मोठ्या गावचा. त्यांच्याकडे सिमेंटचा रस्ता झाला, गटारी झाल्या, आमच्याकडे पावसाळ्यात चप्पल हातात. हे खोटं नाही, मी मानते. पण पायाला चिखल लागला म्हणून कोणी पाय तोडून फेकत नाही.

मी त्या बाजारात मशीन घेऊन बसायची. बाजारातल्या शिलाईचं काम घरच्या शिलाईसारखं नसतं. वारासिवनीचा कापडवाला पिकअपमधून गठ्ठे आणायचा आणि त्याच्या बाजूला माझं मशीन. बायांनी त्याच्याकडून ब्लाऊजपीस घ्यायचा, माझ्याकडे माप द्यायचं, मग मिरची-मसाला, सुकटी, बांगड्या करत बाजार फिरायचा आणि घरी जाताना शिवलेलं ब्लाऊज घेऊन जायचं. तो कापडवाला नसता तर मला काम नव्हतं आणि मी नसते तर त्याचे पीस निम्मे पडून राहिले असते. आमच्या दोघांमुळे बाया तासभर जास्त थांबायच्या, म्हणून भजेवाल्याची कढई चालायची. एकाच्या कमरेला धरून दुसरा उभा, असा तो बाजार. ते मशीन मी त्याच कमाईतून घेतलं होतं, नवऱ्याकडून एक पैसा न मागता.

भासऱ्यांचं भाषण तेव्हा टोल्यावर सगळ्यांना पाठ झालं होतं. "बाजार आपल्या जमिनीवर! बैठकी आपली! वेगळे झालो का सगळा पैसा आपला!" एकदा आमच्या अंगणातच सुरू झाले. मी शेळीला पाला टाकत होते. म्हटलं, "शेळी, बाजार जमिनीनं भरते का माणसायनं, थोडा विचार कर वं." भासऱ्यांनी शेळीकडे बघून सांगितलं, "तुले अर्थशास्त्र समजत नाही." शेळीनं लेंड्या टाकल्या. माझ्या मते त्या दिवशीच्या चर्चेत तीच सगळ्यात मुद्द्याचं बोलली.

कागद वर गेले, खाली आले आणि एकदाची टोल्याची पंचायत वेगळी झाली. गुलाल, डीजे, नारळ. नाल्यावर स्वागताची कमान उभी राहिली. स्वागत कोणाचं, तर कालपर्यंत आपल्याकडे पाहुणचाराला येणाऱ्या लोकांचं. भासरे सरपंच झाले आणि पंचायतीच्या पहिल्याच सभेत ठराव केला, की नाल्यापलीकडचे आता बाहेरगावचे, त्यांना दुप्पट बैठकी. मोठ्या गावच्या कांदे-लसूण विकणाऱ्या म्हाताऱ्या बाया, माझ्या सासूच्या काळापासून त्याच जागी बसणाऱ्या. त्यांनी टोपल्या उचलल्या, आमच्या नावानं बोटं मोडली आणि नाला ओलांडून गेल्या. शेजाऱ्याला अपशकुन व्हावा म्हणून आपलंच नाक कापायचं म्हणतात, ते मी त्या दिवशी डोळ्यांनी पाहिलं.

मोठं गाव काय हातावर हात ठेवून बसणार होतं? त्यांनी त्याच वारी आपल्या शाळेच्या मैदानात बाजार सुरू केला. वर्षभर बैठकी माफ, रस्ता पक्का. पिकअप आपोआप तिकडे वळली. कापडवाला जाता जाता माझ्यापाशी थांबला. वाईट वाटलं त्याला, पण धंद्याचा माणूस. म्हणाला, "बाई, अपने को क्या, जहाँ गिऱ्हाईक वहाँ दुकान." त्याचं काय चुकलं?

आता शहाणा माणूस असता तर चार जणांना घेऊन पलीकडे गेला असता, म्हणाला असता, झालं गेलं विसरा. आमच्या भासऱ्यांनी बाजाराचा वार बदलला. आणि नवीन वार कोणता निवडला? तर ज्या वारी टोला वेगळा झाला तो. विजयाचा वार! त्याच वारी तहसिलीच्या गावचा मोठा बाजार भरतो, हे शेंबड्या पोराला माहीत होतं. आमच्या बाजारांना एक फेरी असते. पिकअपवाले आज इथं, उद्या तिथं, असा आठवडा बांधून घेतात आणि मोठ्या बाजाराच्या वारी कोणी कुठं हलत नाही. भासऱ्यांना वाटलं, आपण वार ठरवला की दुनिया आपल्या वारानं फिरेल.

त्या विजयाच्या बाजारात मोहाखाली आम्ही तिघं होतो. मी, एक सुकटीवाली जी वार चुकून आली होती, आणि उंदराचं औषध विकणारा. भासरे हार घालून उद्घाटनाला आले. नारळ फोडला. टाळ्या त्यांच्याच चौघांनी वाजवल्या. सुकटीवालीनं मला विचारलं, "काहून वं बाई, इथं कोणी मेलं का?" मी म्हटलं, "हौ. अजून उचललं नाही." मग ती गेली. पुढच्या खेपेला औषधवालाही आला नाही.

मला लोक सांगायचे, तू पलीकडे जाऊन बस. कसं बसू? पलीकडच्या पंचायतीनं उलटा ठराव केला होता, टोलेवाल्यांना दुप्पट बैठकी, आणि जागाही सरपंचाला विचारून. आमच्या पंचायतीनं तर त्यावर कडी केली. जो टोलेवाला पलीकडच्या बाजारात दुकान मांडेल त्याला दंड. बरं, पलीकडून विकत घ्यायला बंदी? ती नाही. मीठ-मिरची काय नाल्यात उगवते? रेशनचं दुकान पण पलीकडेच राहिलं होतं. म्हणजे टोल्याचा पैसा रोज नाला ओलांडून जायचा आणि परत आणणाऱ्याला दंड. असं अर्थशास्त्र मला खरंच समजत नाही, भासरे बरोबर बोलले होते.

माझं मशीन ओसरीत झाकून पडलं. टोल्यावर कापड येत नाही, पलीकडून घेणाऱ्या बाया तिथंच शिवून आणतात, तर मी शिवू काय, वारा? फाटक्या पिशव्यांना ठिगळं लावली, शाळेच्या पोरांच्या चेनी बदलल्या. दोन वर्षं अशी गेली. शेवटी नवरा म्हणाला, "दिवाळीपर्यंत पाहू. नाही तर मशीन विकू. खाणीच्या कॉलनीत एक जण घ्याले तयार आहे." तो चिडून नाही बोलला, म्हणून जास्त लागलं. मशीन गेलं की मी नुसती कोणाची तरी बायको आणि कोणाची तरी भावजय. त्या रात्री मी जेवले नाही.

आणि टीव्हीवर तो प्रांत दाखवला त्याच आठवड्यात भासरे बगलेत कापडाचा गठ्ठा घेऊन अंगणात उभे. जाऊबाई मागे दारात. भासरे शेळीला म्हणाले, "शेळी, वेगळ्या राज्याची सभा आहे. आता आपला टोलाच नाही, पुरा बालाघाट भोपाळातून सुटते. नवीन राज्याची राजधानी नागपूर. तिथं आपलं मँगनीज आपलं, आपलं धान आपलं. दीडशे झेंडे शिवून पायजे म्हणा. पैसे मिळतीन."

दोन वर्षांत टोल्यानं मला दिलेलं पहिलं काम! हात शिवशिवले, खोटं कशाला बोलू. गठ्ठा घेतला तर त्याला कापडाच्या काठाची चिंधी बांधलेली, दुहेरी गाठीची. सुतळी वाचवायला अशी चिंधी फक्त वारासिवनीचा तो कापडवाला बांधतो. म्हणजे सरपंच साहेब स्वराज्याच्या झेंड्यांचं कापड नाल्यापलीकडच्या बाजारातून घेऊन आले होते.

माझं डोकं फिरलं. मी पदर मागे सारला आणि आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्या तोंडाकडे बघून बोलले. "भोपाळले आपण दिसलो नाही, नागपूरले दिसू का? एक नाला सांभाळता आला नाही तुमाले, आता राज्य घेऊन राह्यले! झेंडे शिवते मी. पैसे नको. पण आधी तुमी पलीकडं जा, त्यायच्या सरपंचाले हात जोडा, अन् माह्या मशीनले जागा मागून आणा. अन् आपला दंडाचा ठराव फाडा."

सवयीनं भासरे शेळीकडे वळले, "शेळी, हिले सांग..." पण शेळी केव्हाच कुंपणाकडे निघून गेली होती. मग त्यांनी गठ्ठा उचलला आणि निघाले. जाऊबाई दारातून माझ्याकडे बघत राहिल्या, रागानं की कशानं ते तेव्हा कळलं नाही.

सभा झाली. झेंडे लागले. मी एका झेंड्याची कड उलटून पाहिली, लांजीच्या मशीनची शिलाई, टाक्यावरून ओळखू येते. म्हणजे वेगळं व्हायचा झेंडा शिवण्याचं कामसुद्धा टोल्याबाहेर गेलं. भाषणात भासरे म्हणत होते, आपल्या लोकांना आपल्याच मातीत रोजगार मिळेल. लोकांनी टाळ्या वाजवल्या. लोकांना काय, भाषण फुकट असतं.

पुढच्या बाजाराला मी सायकलच्या कॅरिअरला मशीन बांधलं आणि कमानीखालून नाला ओलांडला. माझ्यासाठी कोणी मागणार नव्हतं, तर मीच मागायला गेले. पलीकडचा सरपंच दात काढून हसला. "काहून बाई, तुमचं स्वराज्य पुरून नाही राह्यलं का?" मी म्हटलं, "तुमची पण अक्कल काही फार मोठी नाही. उलटा ठराव तुमीच केला. जागा देता का सांगा." हसायचा थांबला. मैदानाच्या शेवटाला, नाल्याच्या काठाशी जागा दिली. बैठकीवाल्यानं विचारलं, कोणतं गाव? मी टोल्याचं नाव सांगितलं. "म्हंजे बाहेरगाव," म्हणाला आणि दुप्पट घेतले. लग्न होऊन इतकी वर्षं ह्याच मातीत काढली आणि अर्ध्या कोसावर मी बाहेरगावची. कापडवाल्यानं मात्र लांबून ओळखलं आणि आपला गठ्ठा ओढत माझ्या बाजूला आणला.

मशीनला तेल घातलं, दोरा ओवला. घरी गेल्यावर दंडाची नोटीस येणार, हे धरूनच बसले होते. इतक्यात समोर पहिलं गिऱ्हाईक उभं राहिलं. डोक्यावरून पदर, हातात नवा ब्लाऊजपीस. जाऊबाई.

"लवकर शिवून दे वं," त्या हळूच म्हणाल्या. "ह्यायले माहीत नाही मी आली ते. दोन वर्षं झाले, अंगाले नीट बसते असं ब्लाऊज नाही."

मी माप घेतलं नाही, त्यांचं माप मला पाठ आहे. भाव सांगितला.

"एवढे? टोल्यावर तर किती कमी घेत होती!"

"बाई, मले इथं बाहेरगावची बैठकी पडते," मी म्हटलं आणि चाक फिरवलं. "ज्यायनं मले बाहेरगावची केली, त्यायच्याच घरून वसूल करून राह्यली. अन् दंड पाठवतीन तर तो बी ह्याच ब्लाऊजवर लावीन म्हणा."

जाऊबाईंनी आजूबाजूला पाहिलं, आणि मुकाट्यानं पदराची गाठ सोडली.