भाकरी मावेल असा डबा

आमच्या खंडाळ्याच्या कारखान्यात कुठल्याही वस्तूचा नमुना आला की स्टोअरकीपर माने तात्या तो घरी न्यायचे आणि आठ दिवस वापरायचे. छत्री असेल तर भर उन्हातही घेऊन फिरायचे. मग ती माझ्या टेबलावर आणून ठेवत निकाल द्यायचे. "वापरल्याबिगर वस्तू कळत न्हाई, म्याडम." फौजेत उभी उमर स्टोअर सांभाळलेला माणूस, वाद कोण घालणार?

मी जवळच्याच वाईची, ऑफिसात नवीन. पहिल्या दिवाळीला तात्यांना न विचारता कामगारांसाठी कंपनीच्या नावाचे कॉफीचे मग निवडले. मला ते फार आवडले होते. महिनाभरात एकात तुळशीचं रोप दिसलं, एकात गेटवरच्या उदबत्त्या. पुढच्या वर्षी मालक म्हणाले, लोक वापरणारच नसतील तर ही दिवाळीची भेट बंद करू. यंदा शेवटचं बघू. माझ्या हौसेपायी सगळ्यांची भेट जाणार, या विचाराने मी तात्यांकडे धावले.

तात्या रागावले नाहीत. त्यांनी मला जेवणाच्या सुट्टीत कँटीनच्या दारात उभं केलं आणि नुसतं बघायला सांगितलं. निम्म्या लोकांचं जेवण फडक्यात बांधलेलं होतं. मी उत्साहाने पुण्याहून आलेले तीन देखणे डबे दाखवले. तात्यांनी पिशवीतून ज्वारीची भाकरी काढली आणि एकेका डब्यावर ठेवून पाहिली. ती तिन्हींच्या बाहेर आली.

"ह्ये चपातीचं डबं. भाकरी दुमडली की मोडती."

आमच्या घरी चपातीच. मला हे जन्मात सुचलं नसतं.

पुढचे तीन रविवार तात्या आपल्या गावी, कडेगावला जाताना वाट वाकडी करून सांगलीला गेले आणि पिशवीत भाकरी घेऊन भांड्यांची दुकानं फिरले. शेवटी एका कारागिराने रुंद, सपाट डबा करून दिला. नमुना अर्थातच तात्यांच्या घरी गेला. आठ दिवसांनी ते म्हणाले, "चालतंय." यापेक्षा मोठी शाबासकी त्यांच्याकडे नव्हती.

मालकांना झाकणावर कंपनीचं नाव ठसठशीत हवं होतं.

"सायेब, कंपनीचं नाव बुडाला घाला," तात्या म्हणाले. "वर ज्याचं त्याचं नाव. नाव घातलं की भांडं घरचं हुतं."

मालक हसले, पण ऐकलं. नावांची यादी तात्यांनीच केली.

दिवाळीनंतर कँटीनमध्ये फडकं शोधून सापडेना. बघायला तात्या मात्र नव्हते. ते ऐन दिवाळीच्या तोंडावर निवृत्त होऊन कडेगावला गेले होते, आणि यादीत त्यांनी स्वतःचं नाव घातलंच नव्हतं. मी मनातून चिडले. त्यांच्या नावाचा डबा घेऊन आपणच जायचं, असं ठरवलं आणि आज-उद्या करत राहिले. माघात ते गेल्याचा निरोप आला. ही चुटपुट अजून जात नाही.

उन्हाळ्यात तात्यांच्या बायकोला, काकूंना भेटायला कडेगावला गेले. निघताना त्यांनी नमुन्याचा तो डबा माझ्या हातात दिला.

"कंपनीचा हाय, परत द्यायचा ऱ्हायला, म्हनून शेवटपतूर जिवाला लावून घेतलं हुतं त्येनी."

डबा जड लागला म्हणून उघडला. भांडं रिकामं परत द्यायचं नसतं, म्हणून काकूंनी आत गरम भाकरी ठेवली होती. अख्खी. मला रडू आवरेना.

तो डबा मी स्टोअरमध्ये जमा केला नाही. झाकणावर तात्यांचं नाव घालून घेतलं आणि रोज तोच नेऊ लागले. माझ्या चपात्या त्यात इकडून तिकडे सरकायच्या. आता मी भाकरी थापायला शिकले आहे.