डाव्या हातांची यादी

सव्वीस वर्षं मी कोल्हापुरात एकाच शाळेत गणित शिकवते आणि तास सुरू झाला की वर्गाचं दार लावून घेते. बाहेरचा गोंगाट आत येतो म्हणून, असं सांगते. खरं म्हणजे मी शिकवताना कुणा मोठ्या माणसानं बघितलेलं मला खपत नाही. एवढं सोडलं तर माझ्यासारखी गुणी बाई शोधून सापडायची नाही!

गेल्या वर्षी नवे हेडसर आले आणि त्यांनी फर्मान काढलं. प्रत्येकानं आठवड्यातून एक तास दुसऱ्याच्या वर्गात जाऊन बसायचं. तपासायला नाही, शिकायला. मी स्टाफरूममध्ये भडंगाची बशी टेबलावर आपटली. "आता एकमेकींच्या डब्यातली भाजीपण चाखून मार्क द्यायचे का?" सगळे हसले, पण फर्मान काही मागं गेलं नाही. माझ्या तासाला बसायला आली सहावी 'ब'ला गणित शिकवणारी बाई. गडहिंग्लजकडची, माझ्याहून पंधरा वर्षांनी लहान, मला 'अक्का' म्हणायची.

मग मी तेच केलं, जे तपासणीला साहेब यायच्या आदल्या दिवशी आम्ही वर्षानुवर्षं करत आलोय. माझ्या सहावी 'अ'ला दम भरला. "उद्या मी प्रश्न विचारला की सगळ्यांनी हात वर करायचा. येत असेल त्यानं उजवा, येत नसेल त्यानं डावा. मी उजव्यालाच उठवणार." साहेबलोक भरलेला वर्ग आणि वर झालेले हात बघून खूश होऊन जातात. त्यांना आजवर पत्ता लागला नाही, कारण त्यांची खुर्ची फळ्याजवळ असते आणि पुढ्यात चहा असतो.

तशीच खुर्ची मी हिच्यासाठीही मांडली, वर गादीसुद्धा घातली. ही आली, खुर्चीकडं बघितलंसुद्धा नाही, सरळ शेवटच्या बाकावर एका मुलीशेजारी जाऊन बसली.

"हितनं चांगलं दिसतंय की, अक्का!"

अपूर्णांकांची बेरीज चालली होती. अर्धा अधिक एक तृतीयांश किती? सटासट हात वर! मी उजवे हेरून एकेकाला उठवत गेले, उत्तरं बरोबर येत गेली, मी फुलून गेले. आणि मग दिसलं, की शेवटच्या बाकावर ही त्या मुलीला हळूच काहीतरी विचारतेय. मुलीचे वडील शिरोलीला फौंड्रीत कामाला. शाळा सुरू झाल्यापासून माझ्या तासाला तिनं तोंड उघडलं नव्हतं. आता मात्र डावा हात तसाच वर ठेवून ती पाहुणीला सगळं मन लावून समजावून सांगत होती.

झालं, आता ही हेडसरांकडं जाणार आणि सव्वीस वर्षांचं नाव मातीत! तास संपल्यावर व्हरांड्यात मीच तिला गाठलं.

"सांगितलं ना त्या पोरीनं?"

"व्हय, सगळं सांगितलं."

"मग जा की, सांग हेडसरांना."

"कशाला?" तिनं वही पुढं केली. "डावे हात किती हुते, बघितलं काय अक्का? सतरा. त्या पोरीला विचारून नावं लिहून घेतली. माझ्या वर्गात 'समजलं का' म्हटलं की सगळी 'हो बाई' म्हणत्यात. कुणाला येत न्हाय, मला कळतच न्हाय. तुमची पोरं खरं सांगत्यात. तुम्हीच तिकडं बघत न्हाय."

राग आला. आधी तिचाच आला, खोटं कशाला बोलू? घरी जाऊन भांडी आदळली. पण ती सतरा नावं काही डोक्यातून जाईनात. सतरा पोरं हात उंच करून 'येत नाही, येत नाही' सांगत होती, आणि मी मात्र बहरले होते.

दुसऱ्या दिवशी वर्गात म्हटलं, "हाताचा नियम तोच. फक्त आता मी डाव्यालाच आधी विचारणार."

मग दर शनिवारी दोन्ही तुकड्या आम्ही हॉलमध्ये एकत्र बसवू लागलो. भूमिती शिकवताना आपल्याला धास्ती वाटते, हे तिनं आपणहून सांगितलं, म्हणून ती मी घेतली. माझी डाव्या हातांची पोरं तिनं घेतली. कागदाच्या दोन सारख्या पट्ट्या, घड्या घालून एकीचे दोन सारखे भाग, एकीचे तीन. "तुकडे लहानमोठे हायत, मग मोजायचे कसे?" तिनं विचारलं. तेवढ्यात ती फौंड्रीवाल्याची पोरगी ओरडली, "दोन्हीचे सहा-सहा करायचे की, बाई!" आणि तिचा उजवा हात वर होता. मला इतका आनंद झाला, की मी भर हॉलमध्ये टाळ्या वाजवल्या.

परवा मीटिंग होती. हेडसरांनी निकाल कॉम्प्युटरवर भरायची नवी पद्धत भराभर दाखवली आणि विचारलं, "सगळ्यांना समजलं ना?" झाडून सगळ्या माना हलल्या. सव्वीस वर्षं माझीही हलत आलीय. मी शेजारी बसलेल्या माझ्या गडहिंग्लजच्या बाईकडं बघितलं आणि डावा हात वर केला.

"बोला, बाई," हेडसर म्हणाले.

म्हटलं, "सर, मला काही कळलं नाही."

पुढच्या रांगेत आणखी तीन हात वर झाले.