झोपेतले हात

नवऱ्याचे हात माझ्या गळ्याभोवती आवळत होते आणि त्यांचे डोळे मिटलेले होते. दुपारी जेवून आम्ही दोघं ओसरीवर आडवे झालो होतो. "डुक्कर शिरलं पिकात, धरा!" असं ते झोपेत ओरडत होते, आणि ते डुक्कर म्हणजे मी.

"अहो... अहो..." मी घुसमटत म्हणत राहिले. लग्नापासून उखाण्याशिवाय त्यांचं नाव कधी घेतलं नव्हतं. पण 'अहो' झोपेत पोचत नाही. शेवटी उरल्या श्वासात, सासूबाई मारायच्या तशी हाक मारली, "दत्तू!"

हात सुटले.

"काय गं, मान लाल कशानं?"

"तुमचं डुक्कर मेलं नाही अजून," मी म्हटलं. ते उठून ओसरीच्या कडेला, माझ्यापासून लांब जाऊन बसले.

झोपलेला माणूस कुठे जातो, मला कळत नाही. मागे राहतं ते अंग, आणि त्या अंगाला बायको ओळखू येत नाही. जागेपणी यांनी माझ्यावर कधी हात उगारला नाही. डॉक्टर म्हणाले, हा झोपेचा आजार आहे, खाटा लांब ठेवा. ठेवल्या. तरी त्यांनी कूस बदलली की माझा हात गळ्याकडे जातो.

त्या दुपारी मी मेले असते. मेले नाही.